जे हललं तेवढंच उरलं

९ जानेवारी

प्रिय आत्या,

पाकिटामागचा पत्ता वाचून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवलं असशील, तर मला राग येणार नाही. उघडलं असशील तर सांगते, मी तुझी भाची. तू मला शेवटची पाहिलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि पुढचे दोन दात पडलेले होते. आता पस्तिशी आली. दात आले.

तुला अहो म्हणावं की अगं, यापायी दोन कागद फाडले. लहानपणी अगं म्हणायचे, तेच ठेवते.

तुझा पत्ता बाबांच्या खिशातल्या डायरीत सापडला. सव्वीस वर्षांत तू तीन घरं बदललीस हेही डायरीतूनच कळलं. आधीचे दोन पत्ते एकेका रेघेने खोडलेत आणि तिसरा खाली नीट अक्षरात लिहिलाय. ते कुणाकडून मिळवले, हे विचारायची माझी छाती झाली नाही. घरात तुझा विषय निघाला की बाबा खिडकी लावायला उठतात. खिडकी आधीच लावलेली असली तरी उठतात.

मुद्द्यावर येते. बाबांची नजर जाते आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. पूर्ण अंधार होणार नाही म्हणतात, पण नजरेच्या बरोबर मधोमध एक करडा डाग पडलाय आणि तो पसरतोय. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की याने वेग कमी होईल, थांबणार नाही. वर्षभरात वाचणं बंद होईल, मग चेहरे.

गेल्या महिन्यात तिथून परत येताना बसमध्ये ते आपणहून म्हणाले, "कपाटात खाली जुनी डिस्क आहे. तिच्यावर ती फिल्म आहे. एकदा बघायची होती." कोणती फिल्म, हे मी विचारलं नाही. आपल्या घरात 'ती फिल्म' एकच, तुम्ही दोघांनी स्टुडिओत हाताने काढलेली.

माझं कामच हे आहे. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फाइली काढून द्यायच्या. लग्नाचे फोटो, दुकानांचे हिशेब, एकदा एका गृहस्थांच्या वीस वर्षांच्या कविता काढल्या. त्या काढल्या नसत्या तरी चाललं असतं, पण असं म्हणायची आमच्याकडे सोय नाही. तर बाबांची डिस्क ऑफिसात नेऊन उघडली. फाइल मिळाली, पण तिचं तोंडच गेलंय. सुरुवातीचा भाग वाचता येत नाही, आणि या जातीच्या फाइलीत सगळं महत्त्वाचं सुरुवातीलाच असतं.

तुझ्याकडे तिची दुसरी प्रत आहे का? नाहीतर मूळ कागद? एखादा तरी?

बाबांना हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही.

तुझी भाची

२० जानेवारी

बटण,

तुला मी बटण म्हणायची, आठवतंय का? जन्मलीस तेव्हा नाक तेवढंच होतं.

पत्र उघडलं. अक्षर दादासारखं आहे, डावीकडे कललेलं. वाटलं त्यानेच लिहिलं. म्हणून आधी चहा करून घेतला आणि मग उघडलं.

फोन करायच्या भानगडीत पडू नकोस. मला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आहे, पण ते टेबलावरच्या बशीत असतं, कारण कानात घातलं की मला फक्त माझंच चघळणं ऐकू येतं. मोबाइलवर लिहायचं तर बोटं जाड आहेत. पत्र बरं.

प्रत नाही. कागदही नाहीत. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी सगळे गठ्ठे लगद्याला दिले. मी त्या दिवशी गेले होते. एक गठ्ठा मागून घेतला असता तर दिला असता त्यांनी. नाही मागितला. तेव्हा वाटलं, ज्या गोष्टीने घर फुटलं तिचे कागद घरात कशाला.

आणि घर फुटलं म्हणजे, मी नाही फोडलं. तो गेला. फिल्मला बक्षीस मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपला टेबलावरचा दिवा आणि ब्रशांचा डबा उचलला आणि गेला, मला एक शब्द न बोलता. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

आता त्याला तो डाग कसा दिसतो? सतत तिथेच असतो की हलतो? एका डोळ्यात की दोन्ही? रंग कळतात का? हे सगळं लिही. आणि फाइलीत काय उरलंय तेही लिही, म्हणजे जर उरलं असेल तर. मला त्यातलं काही कळणार नाही, पण लिही.

आत्या

२८ जानेवारी

प्रिय आत्या,

दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त. डाग नजरेबरोबर फिरतो, म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं झाकलं जातं. म्हणून बाबा आता माझ्याशी बोलताना माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघतात, तेव्हा कुठे मी त्यांना दिसते. रंग कळतात, थोडे फिकट.

आता फाइल. तुला कळेल असं लिहिते, नाही कळलं तर दोष माझा.

फिल्म दीड मिनिटाची. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे एक हजार ऐंशी. ही सगळी अख्खी ठेवायची तर त्या काळच्या डिस्कवर जागाच उरली नसती. म्हणून फाइल फक्त पहिलं चित्र पूर्ण ठेवते. दुसऱ्या चित्रासाठी ती एवढंच लिहून ठेवते की पहिल्यापेक्षा काय बदललं. चित्र म्हणजे ठिपक्यांच्या ओळी. ती म्हणते, या ओळीतले पन्नास ठिपके सोड, आहेत तसेच राहू दे. पुढच्या सात ठिपक्यांना हे रंग दे. पुन्हा ऐंशी सोड. ज्या ओळीत काहीच हललं नाही तिच्याबद्दल एक अक्षर नाही. तिसरं चित्र दुसऱ्यावरून, चौथं तिसऱ्यावरून, असं शेवटपर्यंत.

गेलंय ते पहिलं चित्र. बाकीचे सगळे बदल शाबूत आहेत.

मी एक काळा चौकोन घेतला आणि त्याच्यावर ते बदल एकामागून एक चढवले. सोबत पाच कागद छापून पाठवतेय, बघ. पहिल्यावर काळोखात एक बाई बादली घेऊन निघाली आहे, तीही अर्धवट. दुसऱ्या कागदावर ती चार पावलं पुढे गेलीय आणि तिच्या मागे भिंत उगवलीय! कारण ती पुढे सरकली की तिने झाकलेली भिंत पुन्हा दिसायला हवी, म्हणजे तोही बदलच, म्हणजे तो फाइलीत आहे. धुरकटलेल्या काचेवरून कुणी बाही फिरवत जावं तशी ती चालतेय आणि मागे गल्ली पुसून निघतेय. पाचव्या कागदापर्यंत नळापासून जिन्यापर्यंतचा पट्टा आला, तिच्या उंचीचा.

शिवाय ही फिल्म न थांबता फिरत राहायची ना? त्यामुळे शेवटच्या चित्रावरून परत पहिल्यावर यायचे बदलही आहेत. दीड मिनिटात जिथे जिथे काही म्हणून हललं ते सगळं मिळालं. जे एकदाही हललं नाही आणि ज्याच्या समोरून कुणी गेलं नाही, तेवढं गेलं. दुर्दैवाने बाबांनी रंगवलेलं बहुतेक सगळं त्यातच येतं.

वर डाव्या कोपऱ्यात काळोखात एक शेपूट हलतेय. नुसती शेपूट. आईला दाखवली तर ती म्हणाली, हे आधी बंद कर.

ती शेपूट कुणाची? आणि वर काय काय होतं? बाबा स्वतःची गल्ली बघायला बसतील आणि वर नुसता काळा पट्टा दिसेल, असं मला करायचं नाहीये. तुला आठवेल तेवढं कागदावर काढून पाठव, मी ठिपक्यांत बसवते.

तुझी बटण

११ फेब्रुवारी

बटण,

कळलं. अगं, हे आम्ही हाताने करायचो! बॅकग्राउंडचा कागद एकच. त्याच्यावर पारदर्शक कागद, त्याच्यावर माणूस. माणूस नुसता बोलत असेल तर तोंडाचा तेवढा वेगळा कागद. जे हलत नाही ते पुन्हा काढायला आम्हाला काय वेड लागलं होतं? तुझ्या फाइलीला कुणीतरी कामचुकार चित्रकारानेच शिकवलं असणार.

मांजर आहे ती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखालच्या कठड्यावर. मांजर दादाने बॅकग्राउंडमध्ये रंगवून टाकली होती, मला न विचारता. मी म्हटलं, दीड मिनिट मांजर हलली नाही तर लोकांना मेलेली वाटेल. तो म्हणाला, मग हलव. मी नुसती शेपूट काढली. तो मांजरीचा आणि मी शेपटीची, असं आम्ही चार दिवस एकमेकांना ऐकवत होतो.

तुझे पाचही कागद भरून पाठवतेय. चार खिडक्या, तिसरीची एक फळी लोंबकळलेली. कपड्यांची दोरी डावीकडे खिळ्याला आणि उजवीकडे पाइपला. हलणारे दोन कपडे तुला मिळाले असतील, न हलणारे तीन मी काढलेत. उजवीकडे चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, पाटीवर चावीचं चित्र. छपरावर पाण्याची टाकी. टाकीला शिडी होती की नव्हती यावर मी तीन दिवस घालवले. होती असं धरलंय.

आता ती बाई. तुला कुणी सांगितलंय का की ती कोण? पाणीखात्याच्या प्रदर्शनासाठी फिल्म हवी होती, पाणी जपा असं सांगणारी. मालक म्हणाले, नळ काढा, थेंब काढा, थेंबाला डोळे काढा. दादा म्हणाला, आपण आईला काढू. आमची आई, म्हणजे तुझी आजी, एका पायाने अधू. खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर रोज सहा बादल्या आणायची. अधू पाय टेकला की बादली बाहेर झुकायची, पण सांडायच्या आत ती दुसरा पाय टाकायची. आयुष्यभरात थेंब सांडला नाही, असं ती म्हणायची. अतिशयोक्ती असेल.

चालणारा माणूस काढायचा तर दहा-बारा चित्रं पुरतात, तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. मी तसं केलं नाही. प्रत्येक पाऊल वेगळं काढलं, कारण भरली बादली दहाव्या पावलाला पहिल्यापेक्षा जड असते. मालक ओरडले. दादाने त्यांना सांगितलं की तिला करू दे, मी माझं काम आठवडाभर आधी देतो. आणि दिलं.

बक्षीस समारंभात मला एकटीलाच वर बोलावलं. दिव्यांनी डोळे दिपले होते. हातात फुलं दिली, माइक दिला. मी सभागृहात दादाला शोधलं, तो दिसला नाही. आलाच नव्हता. मी आभार मानले आणि खाली उतरले. एवढंच झालं.

आत्या

ता. क. बादलीला कडेला पोचा होता. तो आलाय का बघ.

५ मार्च

प्रिय आत्या,

पोचा आलाय. मांजरही बसली कठड्यावर, शेपटीला नीट जोडून. आईने आता ती बघितली आणि कौतुक केलं.

उशीर झाला कारण मधे एक नवीनच अडचण आली. ठिपक्याला रंग नसतो, रंगाचा नुसता नंबर असतो. सतरा नंबर, चाळीस नंबर. कोणता नंबर म्हणजे कोणता रंग, ही दोनशे छप्पन्न रंगांची यादी फाइलीच्या सुरुवातीला असते. म्हणजे तीही गेली. आजीच्या डोक्याचा रुमाल बेचाळीस नंबरचा आहे एवढंच मला माहीत. मी तुला पाठवलेले कागद करडे होते ते त्यामुळे. तुला ते खटकलं नाही, कारण तू रेघा बघत होतीस.

रंग बाबांनी निवडले होते, तेव्हा त्यांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी आडून विचारलं. सहज म्हणून, बाबा, त्या फिल्ममध्ये बादली कुठल्या रंगाची होती? ते भिंतीकडे बघत म्हणाले, निळी, पण पोचा पडलेला तिथे शिशासारखी. मग रुमाल, मग भिंतीचा गिलावा, गिलावा उडालेल्या जागेची वीट. तासभर सांगत होते. मी लिहून घेत होते. कुठला रंग कशात किती मिसळला तेसुद्धा सांगितलं. शेवटी म्हणाले, "मांजरीचं विचारलं नाहीस. तिने सांगितलं असेल."

मी हो म्हटलं. खोटं बोलायला जमलंच नाही. ते खिडकी लावायला उठले नाहीत. बसल्या बसल्या विचारलं, "तिचे कान कसे आहेत?"

तेव्हा त्यांना कळलंय, आत्या. आणि आता मी तुला सरळ विचारते. आई म्हणते, तू स्टेजवर त्यांचं नाव घेतलं नाहीस म्हणून हे सगळं झालं. दिव्यांत गोंधळून एखाद्याचं नाव राहून जातं, त्यासाठी कुणी सव्वीस वर्षं गप्प बसतं का? तू एकदा इकडे ये. दोघं समोरासमोर बसाल तर अर्ध्या तासात मिटेल असं हे भांडण आहे. परवाच्या तपासणीत डावा डोळाही बराच उतरलाय.

तुझी बटण

२ एप्रिल

प्रिय आत्या,

महिना झाला, तुझं पत्र नाही. मी फार आगाऊपणे लिहिलं. अर्ध्या तासात मिटेल म्हणणं सोपं, कारण भांडण माझं नाही. येऊ नकोस हवं तर. पण बरी आहेस एवढं तरी कळव.

फिल्म जवळजवळ झाली. टाकीची शिडी तेवढी राहिलीय.

बटण

८ एप्रिल

बटण,

बरी आहे. लिहायला बसत होते आणि उठत होते.

तू आगाऊपणा केला नाहीस. तू बरोबर हिशेब मांडलास आणि तो जुळत नाही हे तुझ्या लक्षात आलं. स्टेजवर नाव राहिलं एवढ्यासाठी कुणी सव्वीस वर्षं गप्प बसत नाही. मी तुला पुरतं सांगितलं नव्हतं.

स्पर्धेचा एक फॉर्म होता. त्यात 'चित्रकार' असं लिहून पुढे एकच ओळ होती. मालक म्हणाले, दोन नावं घातली तर फॉर्म बाद करतील, एक घाल. दादा त्या दिवशी रजेवर होता, तुला गोवर आला होता म्हणून. मी म्हणू शकले असते, उद्या येईल, त्याला विचारू. मुदत आणखी तीन दिवस होती. मी म्हटलं नाही. मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. मला तेव्हा खरंच वाटलं की फिल्म माझी आहे. चालते ती मी काढलेली आई. तो मागे भिंती रंगवत होता. असंच वाटलं, बटण, स्वच्छ वाटलं, आणि सही करून मी घरी जाऊन जेवले.

फॉर्मचं त्याला कधीच सांगितलं नाही. बक्षीस मिळेल असं वाटलं नव्हतं. स्टेजवरून त्याला शोधलं ते खरं. दिसला असता तर नाव घेतलं असतं, तेही खरं. दिसला नाही याचं मला बरं वाटलं, हे त्याहून खरं.

आणि आता तुझे ते काळे कागद डोळ्यांसमोर आणून मी दोन महिने खिडक्या, दोऱ्या, पाइप आठवत बसलेय. भिंत नसेल तर आई कुठे चालतेय तेच कळत नाही. काळोखात एक बाई लंगडतेय, बस. हे मला तेव्हा कुणीतरी दाखवायला हवं होतं.

हे दादाला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात धीर नाही.

शिडी नव्हती. आता पक्कं आठवलं.

आत्या

२४ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी मला राग आला. गोवर मला झाला होता, त्याचा तर फारच आला. मी ते ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पाच दिवस उघडलं नाही. तोवर शिडी काढून टाकली आणि फिल्म पूर्ण केली.

रविवारी सकाळी दाखवली. मोठा पडदा माझ्या साहेबांनी ऑफिसातून दिला. बाबांना खुर्चीत जरा तिरकं बसवलं, म्हणजे नजरेची कड पडद्यावर येते. आई पडदे ओढून आली. मी फिल्म सुरू केली आणि खिडक्या, टाकी, चावीची पाटी, सगळं एकेक करून सांगायला लागले, हे बघा तुमचं, हे बघा तुमचं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

म्हणाले, "मागचं राहू दे गं. ते मी काढलंय, मला डोळे मिटून दिसतं. आई चालते आहे, ती बघू दे."

आत्या, त्यांना गल्ली बघायचीच नव्हती. आजी बघायची होती. फोटोत ती उभी असते, चालत नाही, म्हणाले. ती फिल्म म्हणजे ती चाल. ती तर फाइलीत पहिल्या दिवसापासून होती! जानेवारीतच काळोखात चालताना दाखवली असती तरी त्यांना हवं ते सगळं मिळालं असतं, आणि तेव्हा डावा डोळा बरा होता. मी त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्हाला त्यात काय बघायचंय. मीच ठरवलं, आणि त्यांच्या नजरेचे तीन महिने चाव्यांच्या दुकानाची पाटी नीट बसवण्यात घालवले. आईने समजूत घातली, पण हे मनातून जात नाही.

त्यांनी फिल्म अकरा वेळा बघितली. हलणारं त्यांना अजून बरं दिसतं. स्थिर गोष्ट डागात विरून जाते, पण हललं की कडेला पकडता येतं. सातव्या-आठव्या वेळी त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली ताल धरायला लागला. लंगडा ताल. टेक, झुक, टाक. मी आजीला पाहिलेलं नाही. त्या सकाळी मला वाटलं, पाहिलं.

संपल्यावर ते म्हणाले, "दहाव्या पावलाला बादली जड झालीये. तिने आळस केला नाही." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानामागे बघत विचारलं की आत्याचं काही पत्र आलं का.

मी सोमवारी ड्रॉवरमधून पत्र आणलं आणि वाचून दाखवलं. फॉर्मच्या जागी मी कागद खाली ठेवला. बाबा म्हणाले, वाच पुढे, मला ते माहीत आहे.

त्यांना माहीत होतं, आत्या. रजेवरून परत आले त्याच दिवशी फॉर्म मालकांच्या टेबलावर पडलेला होता. त्यांनी वाचला होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, ती सांगेल म्हणून थांबलो.

पुढचं त्यांना स्वतः लिहायचंय. मी म्हटलं, सांगा, मी लिहून घेते. नको म्हणाले. जाड काळं पेन आणि कोरे कागद मागितले. दोन दिवस लिहीत होते. ते कागद याच पाकिटात आहेत. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण लागेल तुला.

बटण

२३ एप्रिल

बाळ,

अक्षर मोठं आहे कारण बारीक काढलं तर मलाच सापडत नाही.

फॉर्म मी पाहिला होता. राग आला. दोन दिवसांनी कमी झाला. मागे भिंत रंगवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, हे मला धंद्यात पडल्यापासून ठाऊक होतं. तू येऊन सांगितलं असतंस तर मी हसलो असतो. तू माझ्याशी दुप्पट गोड बोलायला लागलीस आणि सांगितलं काहीच नाहीस. त्याने मी आत कडू होत गेलो.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी त्या समारंभाला आलो होतो. सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होतो. तुझ्या हातात माइक दिला. तू बोलली नाहीस. एक एक रांग बघत आलीस. मला कळलं, तू मला शोधते आहेस. माझ्या रांगेपर्यंत आलीस तेव्हा मी खाली वाकलो. बुटाची नाडी बांधायला. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

तुझं आभार मानून होईपर्यंत मी वाकलेलाच होतो. मला वाटत होतं, न घेतलेल्या नावाचं ओझं तुझ्यावर राहू दे. दुसऱ्या दिवशी डबा उचलून गेलो तो फॉर्मच्या रागाने नाही. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. लाज लपवायला राग बरा पडतो. तो मग सव्वीस वर्षं पुरला.

तेव्हा सही तुझी असेल, बाकी निम्मं माझं आहे.

पोरगी हळहळते आहे की तीन महिने उशीर झाला. तिला तू समजाव, माझं ती ऐकत नाही. त्या तीन महिन्यांत तुझी तीन पत्रं या घरात आली. मला ती दिसत नव्हती, पण ज्या दिवशी पत्र यायचं त्या दिवशी ती जेवताना गप्प बसायची. मी मोजत होतो.

आता तू ये. सकाळची बस धर. तुला ऐकू येत नाही, मला दिसत नाही, दोघांना मिळून एक धड माणूस होईल, त्याला चहा प्यायला बसवू. स्टँडवर मी पोरीला घेऊन येईन. मला तू कुठे आहेस ते कळणार नाही. बसमधून उतरलीस की सगळ्या बाकांकडे बघत बघत ये, घाई करू नकोस. मी उभा असेन.

दादा